आत कोण?

१

एका गावाच्या टोकाला, जिथे डांबर संपून खडी सुरू होते, तिथे एक गॅरेज होतं. गॅरेजात तीन माणसं राहत होती. एक म्हातारी, एक तिचा मुलगा आणि एक तिची सून. म्हातारी म्हणजे मीच, तेव्हा तिच्याबद्दल जास्त चांगलं बोलायला नको. मुलाला सगळे पान्या म्हणतात, कारण लहानपणी तो खुळखुळा फेकून तेरा नंबरचा पाना कुशीत घेऊन झोपायचा. सून अंगाने काटकुळी. गाडीखाली पालीसारखी सरपटत जाते आणि बाहेर येते ती बिघाड शोधूनच. मला अक्षर येत नाही. मी सांगते आहे आणि ती लिहून घेते आहे. मध्येच हात थांबवून माझ्याकडे बघते आहे, पण मी म्हटलं, लिही.

आमच्याकडे डोंगरगाड्या येतात. उंच चाकांच्या, खाचखळग्यातून जाणाऱ्या. या गाड्यांचं दुखणं एकच, खालून आवाज. स्प्रिंगचे पाटे करकरतात, रबरी बुश रडतात, शॉकअब ठोकतात. ऐकणाऱ्याला सगळे आवाज सारखे. माझ्या नवऱ्याने हे गॅरेज घातलं, तेव्हा तो गाडी चालवायचा आणि मी मागे डोळे मिटून बसायचे. कुठून काय वाजतंय ते मी बोट दाखवून सांगायचे. नंतर पान्याचा कान माझ्यापेक्षा तिखट निघाला. पण दोन वर्षांपूर्वी हवा भरताना एक टायर त्याच्या डाव्या कानाशी फुटला आणि तो कान गेला. एक कान गेला की आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. उजवीकडच्या आवाजासाठी पोराने डावीकडचं खोलायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं हसली, मग येईनाशी झाली.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्या गॅरेजात एक रीत आहे, ह्यांनी घातलेली. एकदा जॅकवरून गाडी उतरवताना आत ड्रायव्हर झोपलेला होता आणि ते कोणाला ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून गाडी खाली घेताना आणि शेवटचा बोल्ट आवळताना मोठ्याने विचारायचं, "आत कोण?" जवळ असेल त्याने डोकावून सांगायचं, "कोणी नाही." मगच पाना लावायचा. इतकी वर्षं हा प्रश्न ऐकून ऐकून मला झोपेतसुद्धा "कोणी नाही" म्हणायची सवय लागली होती.

२

मोजणीसाहेब आले ते सकाळी दहाच्या सुमारास. डोंगरांची मोजणी करणाऱ्या खात्यातला माणूस, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा. गाडी उभी केली, उतरले, वळसा घालून मागचं डावं दार उघडलं. चार आकडे मोजावेत इतका वेळ दार धरून उभे राहिले. मग हळूच लावलं.

"काही सामान काढायचंय का साहेब?" सूनबाईने विचारलं.

"नाही."

"कुत्रं वगैरे आहे का आत?"

"नाही. सवय आहे."

मी ते पाहिलं. माझ्या डोक्यात सगळंच राहतं, तसं हेही राहिलं. पण त्याचा काही अर्थ असेल असं वाटलं नाही. माणसांना काय काय सवयी असतात. आमचे हे दुकान बंद करून कुलपाला तीनदा हिसका द्यायचे.

साहेबांनी सांगितलं ते असं. मागून करकर आणि ठोका. दोन मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी पाहिलं, पार्ट बदलले, आवाज तसाच. "खात्याच्या आठ गाड्या आहेत," ते म्हणाले. "ही गप्प केलीत तर बाकीच्या सातही तुमच्याकडेच देतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी येतो."

ते पायीच गेले. जाताना एकदाही वळून पाहिलं नाही. आपली गाडी सोडून जाणारा माणूस एकदा तरी वळून बघतो.

पान्या म्हणाला, "आई, ही शेवटची. नाही जमलं तर एक तारखेपासून मी गोदामाच्या फाटकावर बसतो. हो म्हणून आलोय."

"मला न विचारता?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"फाटकावर बसून काय करणार तू?"

"फाटक उघडणार आणि लावणार. त्याला डावं-उजवं कळायची गरज नसते."

सूनबाईने फडकं पिळलं, जे कोरडंच होतं.

३

गॅरेजच्या मागे कोरडा ओढा आहे, नुसते गोटे. तिथे आम्ही गाड्या तपासतो. आधी गाडीतलं सगळं सुटं सामान बाहेर काढलं, जॅक, बादल्या, साखळ्या. मग रिकाम्या सीटचे पट्टे अडकवून टाकले, नाहीतर त्यांची बक्कलं वाजतात आणि माणूस उगाच पाटे खोलत बसतो. मागच्या डाव्या सीटचा पट्टा आधीच अडकवलेला होता. मला तिथे बसायचं होतं म्हणून मी बटण दाबलं. निघेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं तरी नाही. म्हटलं जाऊ दे, आणि उजवीकडे बसले.

पान्याने गाडी गोट्यांत घातली. मी डोळे मिटले.

आवाज लगेच सापडला. कर्र. जाडजूड पाहुणा जुन्या खाटेवर टेकतो तेव्हा होतो तसा. मग ठक. माझ्या डाव्या हाताला, खाली.

"मागचा डावा," मी म्हटलं. "पाट्याचं बुश."

सूनबाईने खाली जाऊन रबरावर पाणी ओतलं. ओल्या रबराचा आवाज थांबला, तर रबरच दोषी. आवाज थांबला. आम्ही तिघं हसलो. इतकी सोपी गोष्ट दोन मोठ्या वर्कशॉपना कळली नाही म्हणून पान्याने चहा दोनदा घेतला.

नवीन बुश घातले. ह्यांची शिकवण अशी, की रबराचा बोल्ट गाडी लटकत असताना आवळायचा नाही. गाडी जमिनीवर, चाकांवर पूर्ण भार घेऊन उभी राहू द्यायची, मग आवळायचा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि रडतं. तसंच केलं. "आत कोण?" "कोणी नाही." आवळलं.

ओढ्यात नेली. कर्र. ठक.

दुसऱ्या दिवशी शॉकअब बदलले, यू-बोल्ट बदलले. कर्र. ठक. तेव्हा सूनबाईला सुचलं म्हणून तिने चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा बोटांनी मोजली. उजवीकडे सात बोटं, डावीकडे साडेचार. रिकामी गाडी, सपाट फरशी, आणि डावा कोपरा अडीच बोटं दबलेला.

"पाटा बसलाय डावीकडचा," पान्या म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. कारण मिळालं की आमच्या धंद्यात माणूस निम्मा सुटतो. डावा पाटा काढून उजवीकडे घातला आणि उजवा डावीकडे. आता उजवी बाजू दबायला हवी.

गाडी खाली घेतली. उजवीकडे सात बोटं. डावीकडे साडेचार.

सूनबाईने पुन्हा मोजली. मग माझी बोटं लावून मोजली, तिची बारीक आहेत म्हणून.

"फरशी तिरपी असेल," मी म्हटलं.

पान्याने गाडी फिरवून उलट तोंडाने उभी केली. डावीकडे साडेचार.

४

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आत दूध तापवत होते. आमचं घर गॅरेजला लागूनच, मध्ये फक्त एक जाळीचं दार. सूनबाई बोल्ट आणायला गेली होती. दूध उतू जाईल म्हणून मी चमचा हातात धरून उभी होते. बाहेर पान्याने गाडी जॅकवर चढवलेली. त्याचा आवाज आला, "आत कोण?"

मी काही बोलले नाही. मला वाटलं सूनबाई आली असेल.

दूध वर आलं, मी गॅस बंद केला, पदराने पातेलं उतरवलं. बाहेर सगळं शांत. मी जाळीच्या दारातून पाहिलं तर पान्या जॅकचा दांडा धरून तसाच उभा. एखादा माणूस आपली पाळी यायची वाट बघतो तसा.

"उतर की आई," तो म्हणाला, गाडीकडे बघत. "केव्हाची बसलीयस."

"मी इथे आहे रे."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग परत माझ्याकडे.

"मग 'आहे' कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं?"

"मी विचारलं आत कोण, तर 'आहे' असं म्हणालं कोणीतरी. हळू आवाजात. म्हटलं तुझा घसा बसलाय."

"रस्त्यावरून कोणी गेलं असेल."

"या कानात आलं," तो म्हणाला आणि त्याने डाव्या कानाला हात लावला.

आम्ही दोघंही काही वेळ त्या कानाकडेच लक्ष देऊन उभे राहिलो. तो तर स्वतःचा कान बघू शकत नव्हता, पण डोळे तिकडे वळवत होता. मग मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन पातेल्यावर चमचा वाजवला.

"वाजवलास?"

"हो."

"नाही आलं," तो म्हणाला.

५

सूनबाई परत आल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कान सुधारतोय. सुरुवातीला असंच होत असेल, कधी येतं कधी नाही." तिच्या बोलण्यात खोट नव्हती. मीही मान हलवली. पण ऐकू यायला लागणं वेगळं आणि कोणी न बोललेलं ऐकू येणं वेगळं, असं मला वाटत राहिलं. मग असंही वाटलं, की पोराला दोन रात्री झोप नाही. आणि मला तरी कुठे होती. मोजताना माझीच बोटं एकदा चार भरायची, एकदा पाच.

ती दोघं जेवायला बसली तेव्हा मी गाडीत जाऊन बसले. पुढे, ड्रायव्हरच्या जागेवर. इंजिन बंद, गाडी चारही चाकांवर उभी, शेडमध्ये वाऱ्याची झुळूक नाही. मला नुसतं ऐकायचं होतं. काही न हलता एखादी गाडी कशी वाजते, ते.

बराच वेळ काही नाही. भिंतीवरची लाकडी पट्टी, तिच्यावर ओळीने टांगलेले पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत. पत्र्यावर कावळा चालला, त्याची नखं मोजता आली असती. आतून पान्याच्या ताटाचा आवाज.

मग कर्र.

फार हळू. बसलेल्या माणसाचा पाय अवघडला की तो एका मांडीवरचा भार दुसरीवर घेतो, तेवढाच.

मी मागे वळले नाही. मान दुखते माझी, हे खरं आहे. पण समोर आरसा होता. आरशात मागची डावी सीट दिसत होती. सीट रिकामी. रेग्झिन कुठे फाटलेलं नाही, डाग नाही. पट्टा अडकवलेला. एवढंच.

हे पट्टे कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. कोणी नसलं की आत खेचले जातात, सीटला चिकटून बसतात. हा चिकटलेला नव्हता. सीटच्या पाठीपासून वीतभर पुढे होता, ताणलेला, मध्ये बाक आलेला. आणि तो बाक थोडासा वर जात होता, थोडासा खाली येत होता.

पट्ट्याची स्प्रिंग गेली असेल. मी तेच म्हटलं मनात. मागे हात घालून बघायला हवं होतं. इतकी वर्षं मी तापलेल्या, तेलकट, अंधाऱ्या सगळ्या जागी हात घातलाय. तिथे नाही घातला.

खाली उतरताना गाडी माझ्या बाजूने उचलली गेली आणि त्या बाजूने नाही. मी आत जाऊन दह्याच्या भांड्यात मीठ समजून साखर घातली. कोणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

६

चौथा दिवस. संध्याकाळी साहेब येणार. पान्याने सकाळपासून पानाच उचलला नव्हता. उलट्या बादलीवर बसून होता.

"सांगून टाकतो त्यांना नाही म्हणून," तो म्हणाला.

"माझ्या डबीतली ग्रीस लावून बघू का एकदा?" सूनबाई म्हणाली.

"तुझी ग्रीस काय देवाची आहे?"

"तोंड तरी देवाचं करू नका. सकाळपासून असे बसलात की मला अगरबत्ती लावावीशी वाटतेय."

तो हसला नाही. तेव्हा मला कळलं, की हा खरंच जाणार. फाटकावर बसेल आणि त्याच्या हातांना काम उरणार नाही. हे गेले तेव्हासुद्धा मला इतकी भीती वाटली नव्हती.

आणि का कोण जाणे, मला पाण्याचा टँकर आठवला. फार जुना. त्याचं रबरही असंच रडायचं. ह्यांनी तीनदा आवळलं, तीनदा रडलं. मग हे कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं, हा रिकामा कधी चालतो? आपण रिकामा आवळतोय." टाकी पाण्याने भरली, भरलेल्या टाकीनिशी आवळला, आणि तो टँकर कायमचा गप्प झाला. पाटी डोक्यावर घेऊन जो जन्मभर चालतो, त्याची उंची पाटी उतरवून मोजून काय उपयोग, असं काहीतरी म्हणाले होते.

मी पान्याला म्हटलं, "ऊठ. सगळे बोल्ट सैल कर. आज ती आहे तशी आवळायची."

"आहे तशी म्हणजे? रोज तशीच आवळतोय. रिकामी."

"तू सैल कर आणि विचार. रोज विचारतोस तसं."

त्याने सैल केले. सूनबाई खाली शिरली, रबराला हात लावून पडली. पान्याने पाना लावला आणि विचारलं, "आत कोण?"

खालून सूनबाईने तोंड उघडलंच होतं. तिचा पाय बाहेर होता, तो मी पायाने दाबला. ती गप्प झाली. माझ्या तोंडातही 'कोणी नाही' आलं होतं, अगदी दातांपर्यंत. आम्ही चार दिवस त्या गाडीच्या तोंडावर हेच सांगत होतो.

"आहे," मी म्हटलं. "एक जण आहे. बसू दे त्याला नीट."

गाडी खाली बसली. फार नाही. कोणीतरी पाठ टेकावी, एवढी.

सूनबाई खालून म्हणाली, "रबर फिरलं. आपोआप फिरलं." तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

"आवळ," मी म्हटलं.

पान्याने आवळला. मग ओढ्यात नेली. मी या वेळी पुढे पान्याशेजारी बसले, डोळे मिटले नाहीत, आरशाकडे पाहिलं नाही, समोरच्या गोट्यांवर नजर ठेवली. मोठे गोटे, लहान गोटे, तो एक खड्डा ज्यात सगळं वाजतं. काही नाही. नुसता चाकांचा आवाज.

शेडमध्ये आणून पान्याने इंजिन बंद केलं. मग मागून खट्ट झालं. बक्कल सुटल्याचं. माझी नजर आरशात गेलीच. पट्टा आत जात होता, पण झटक्याने नाही. कोणीतरी हातात धरून सावकाश सोडावा तसा, आधी पोटाच्या गोलाईवरून, मग सपाट. दारं चारही बंद होती. ती उघडली नाहीत. पण गाडीचा डावा कोपरा वर आला, आणि बाहेर उभ्या असलेल्या सूनबाईने एक पाऊल बाजूला घेतलं, जशी आपण कोणाला वाट देतो.

"का सरकलीस?" मी नंतर विचारलं.

"सरकले का?" ती म्हणाली.

डावीकडे सात बोटं होती. माझीही, तिचीही.

७

साहेब संध्याकाळी आले. एक फेरी मारून आले, मान हलवली. मग सवयीप्रमाणे वळसा घालून मागचं डावं दार उघडलं आणि उभे राहिले. मी मनात चार मोजले. दहा मोजले. वीस. त्यांनी वाकून आत पाहिलं. मग आमच्या शेडकडे पाहिलं, जिथे भिंतीला लागून कामाचा बाक आहे. दार लावलं आणि गाडीत बसून निघाले. वळणापर्यंत त्यांची शीळ ऐकू येत होती.

आठव्या दिवशी ते परत आले. "आवाज आलाय पुन्हा."

पण पान्या गडबडला नाही. गाडी चालवूनही पाहिली नाही. हात पुसले, डावा कान बाकाकडे केला, थोडा वेळ तसाच राहिला आणि मान डोलावली.

"साहेब, गाडी आता हलकी झालीय," तो म्हणाला. "तिला रिकामी आवळायला हवी."

साहेबांनी विचारलं नाही, की हलकी म्हणजे काय. अर्ध्या तासाचं काम होतं. ती गाडी पुन्हा कधी वाजली नाही.

त्यानंतर सात गाड्या आल्या, मग दुसऱ्या खात्याच्या, मग लांबलांबच्या. पान्या आता गाडी आत येतानाच सांगतो, पुढचा उजवा, मागचा डावा, आतलं बुश. चुकत नाही. गोदामाच्या फाटकावर दुसराच कोणी बसतो. मी पान्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी यंत्र लावलं, कागद काढला आणि म्हणाले, "आजी, या कानाने काहीही ऐकू येणं शक्य नाही." पान्या नम्रपणे हो म्हणाला.

बाक डावीकडे अडीच बोटं खाली गेलाय. पाचर मारून पाहिली, पुन्हा जातो. त्या टोकाला आम्ही हत्यारं ठेवत नाही. पान्या अजून रीत पाळतो. "आत कोण?" विचारतो, सूनबाई "कोणी नाही" म्हणते. मग तो डावीकडे बघून जरा थांबतो, आणि मगच आवळतो.

पत्रे जाऊन वर पक्कं छप्पर आलं. सूनबाईला गाडीखाली सरकायला चाकांची पाटी आली. मला गादी आली, जी करकरत नाही. असं त्या तिघांचं भलं झालं आणि अजून होतं आहे. तिघं म्हणायची सवय आहे, म्हणून म्हटलं.